पाया खणण्याआधी सासूबाईंची सही

पत्र:

ताई, मी डिचोली तालुक्यातली. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. सासऱ्यांच्या नावावर गावात ३७५ चौरस मीटर जागा आहे. ते गेल्या वर्षी वारले. त्या जागेत आम्हा दोघांना कंत्राटदार न घेता, जमेल तेवढं स्वतःच्या हातांनी घर बांधायचंय. जोतं चिऱ्याचं, वर मातीच्या भिंती, कौलं. यूट्यूबवर वर्षभर बघून बरंच समजलंय. पण शेजारी म्हणतात, स्वतः बांधायचं तर कोर्सचा दाखला लागतो, त्याशिवाय पंचायत परवाना देत नाही. हे खरं का? कुठला कोर्स करावा? आणि परवाना कुणाच्या नावावर काढावा, यांच्या की दोघांच्या? सासूबाई म्हणतात, तुळशीचं लग्न झालं की लगेच भूमिपूजन. मुहूर्त धरावा का?

उत्तर:

शेजाऱ्यांचं खरं नाही. गोव्यात स्वतःचं घर बांधायला मालकाकडे कसल्याही कोर्सचा दाखला कुणी मागत नाही. तुम्ही दोघं कुदळ-फावडं घेऊन उभे राहिलात तर तुमचं शिक्षण विचारायला कुणी येणार नाही. विचारलं जातं ते नकाशावर सही करणाऱ्याचं. नकाशे नोंदणीकृत आर्किटेक्टने किंवा इंजिनिअरने केलेले हवेत. आर्किटेक्ट असेल तर १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्याखाली कौन्सिलकडे त्याची नोंद हवी. शिवाय घराच्या मजबुतीची जबाबदारी लेखी घेणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. मातीचं घर म्हणून त्याची सही चुकत नाही. उलट मातीच्या भिंतीवर सही करणारा इंजिनिअर शोधायलाच तुम्हाला वेळ लागेल, कारण पुष्कळांना ते काम जमत नाही आणि न जमणाऱ्यांपैकी निम्मे तसं सांगतही नाहीत. पहिल्या भेटीत त्याने बांधलेलं मातीचं घर दाखवायला सांगा. एक पावसाळा काढलेलं असेल तर उत्तम.

कोर्सकडे मी वळते, पण तुमच्या पत्रात मला त्याहून मोठी गोष्ट दिसली, आणि ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. 'सासऱ्यांच्या नावावर जागा आहे, ते गेल्या वर्षी वारले.' म्हणजे आज ती जागा तुमच्या नवऱ्याची नाही. निदान एकट्याची तर नाहीच.

आपल्याकडे लग्न नोंदवताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून हे चालत आलंय, आणि आता २०१२च्या गोवा वारसा व इन्व्हेंटरी कायद्यात आहे, जो २०१६च्या डिसेंबरात लागू झाला. त्यामुळे सासरे हयात असतानाही अर्धी जागा सासूबाईंचीच होती. उरलेली अर्धी मुलांमध्ये सारखी जाते, मुलगा-मुलगी भेद नाही. तुम्हाला नणंद आहे की नाही ते लिहिलेलं नाही. असेल तर तिचा वाटा आहे, आणि तिचं लग्न झालेलं असेल तर कागदावर तिच्या नवऱ्याचीही सही लागेल. गोव्यात हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या स्वतःच्या घराची वेळ आली की कुणाला आठवत नाही.

म्हणून सगळ्यात आधी सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात स्पेशल नोटरीपुढे वारसा दस्त करा. वारसांत एकमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. त्यानंतर म्युटेशन (फेरफार) करून एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नावं चढवून घ्या. मग नणंदेने आणि सासूबाईंनी आपला भाग तुम्हाला द्यायचा, की सहमालक म्हणून ना हरकत द्यायची, हे चहा घेत बसून ठरवा. वकिलासमोर पहिल्यांदा विषय काढू नका, ते फार वाईट दिसतं.

उतारा हातात आला की फक्त कब्जेदाराचा रकाना बघून घडी घालू नका. कुळाचा रकाना बघा, इतर हक्कांचा बघा. तिथे एखादं जुनं कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर त्याचा निकाल आधी. १९७५च्या कायद्याने मुंडकाराला राहतं घर आणि भोवतालची जागा विकत घेता येते, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. तुमची सगळी जागा ३७५ची. आणि एक-चौदा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. ट्रंकेत कुठेतरी सासऱ्यांच्या बापाच्या काळचे पोर्तुगीजमधले कागद असतील, डिस्क्रिसांव (जमीन नोंदणीचा), मात्रिझ (कराच्या नोंदीचा) वगैरे. वाळवीने खाण्याआधी बाहेर काढा आणि पोर्तुगीज वाचणाऱ्या जाणकाराकडून समजून घ्या.

परवाना कुणाच्या नावावर, या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. तुमचं लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलंय आणि वेगळा करार नाही असं धरलं, तर नवऱ्याच्या वाट्याला येईल त्यात तुमचा अर्धा हिस्सा आहेच. परवाना दोघांच्या नावावर काढा, अर्जावर दोघांच्या सह्या करा. उद्या कर्ज काढाल तेव्हा बँक तुम्हाला तसंही बोलावणार आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी शेकड्याने फाइली पाहिल्या; फाइलवर फक्त त्याचं नाव आणि हप्ते तिच्या पगारातून, हे इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येत नाही, फक्त सांगून टाकते.

आता जागा घर बांधायची आहे का ते बघू. टीसीपीकडून, म्हणजे नगर नियोजन खात्याकडून, झोनिंगचा दाखला घ्या. प्रादेशिक आराखडा २०२१मध्ये तुमचा सर्व्हे नंबर सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये, हवा. ऑर्चर्डमध्ये (बागायतीच्या झोनमध्ये) असेल तर गावातला कुणीतरी 'झोन बदलून देतो' म्हणत येईल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. सेटलमेंट असेल तर जमीन महसूल संहिता १९६८च्या कलम ३२खाली रूपांतराची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा दाखला, काढायची. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि मामलेदार, टीसीपी, वन खातं, भूमापन असे अहवाल येतात. डिचोली-सत्तरी भागात वन खात्याच्या अहवालाकडे विशेष लक्ष ठेवा, कारण खासगी वन म्हणून दाखवलेल्या जागा आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि काहींच्या मालकांना ते सनद अडली तेव्हाच कळलं.

डिचोलीत समुद्र नाही म्हणून सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचा नियम) नाही असंही समजू नका. नार्वे, पिळगाव बाजूला मांडवीच्या भरतीचं पाणी येतं, तिथे नदीकाठच्या जागेला तो नियम लागतो. जागा उताराची असेल तर चढ २५ टक्क्यांच्या वर नको. जेसीबी आणून डोंगरकडा कापायची किंवा सखल भाग भरायची इच्छा झाली तर टीसीपी कायद्याचं कलम १७अ आडवं येतं, लेखी परवानगीशिवाय दोन्ही करता येत नाही. आणि तुमच्या तालुक्यात आणखी एक: जागा कधी खाणीच्या टाकाऊ मातीने भरलेली आहे का, ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. भरावावर मातीचं घर बांधणार असाल तर आधी मातीची तपासणी, मग पुढचं बोलू.

सनद आली की टीसीपीची तांत्रिक मंजुरी, आणि तिच्यावर पंचायतीचा बांधकाम परवाना. पंचायत राज कायदा १९९४चं कलम ६६ लक्षात ठेवा. अर्ज दिल्यावर ३० दिवसांत पंचायतीने हो-नाही काहीच कळवलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. म्हणून अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पंचायतीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. पंच ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच. परवाना साधारण ३ वर्षांचा असतो, नंतर नूतनीकरण. स्वतःच्या हातांनी बांधणाऱ्यांना ३ वर्षं सहज लागतात, तेव्हा मुदत संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. परवान्याच्या वेळी शुल्कांबरोबर बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकरही भरावा लागतो. कमी खर्चाच्या स्वतःच्या घराला सूट आहे, त्याची आजची मर्यादा अर्ज देतानाच विचारून घ्या.

'आधी बांधू, मग रेग्युलराइज करू' असं सांगणारेही भेटतील. २०१६च्या कायद्याने जी अनधिकृत बांधकामं नियमित करायची सोय झाली ती २८ फेब्रुवारी २०१४च्या आधीच्या बांधकामांपुरती. 'म्हजें घर' योजनेची चर्चा चालते तीही जुन्या घरांची. तुमच्या घराचा अजून चिरासुद्धा आलेला नाही.

आता नकाशा. समजा तुमच्या जागेला एफएआर (सगळे मजले मिळून बांधकाम) ६० आणि कव्हरेज (जमिनीवर व्यापलेली जागा) ४० टक्के लागू आहे. मग जमिनीवर १५० चौरस मीटर आणि मजले धरून २२५ चौरस मीटरपर्यंत जाता येईल. दोघांना हे भरपूर आहे. अडचण येते ती कडेच्या मोकळ्या जागेची. जागा १५ बाय २५ असेल आणि दोन्ही बाजूंना ३-३ मीटर सोडायचे असतील तर रुंदीला ९च मीटर उरतात. त्यात मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. कागदावर ऐसपैस दिसणारी खोली प्रत्यक्षात आकसते. चुन्याने जमिनीवर आखून, आत खाट आणि फ्रिजच्या मापाचे खोके मांडून बघा. हसू नका, आम्ही हे केलं नाही म्हणून सांगतेय.

आमचं घर आम्ही नवरा-बायकोनेच उभं केलं. मी सिव्हिलवाली, त्यामुळे सगळं कळतं हा माज होता. जिन्यामुळे हॉल लहान होतोय म्हणून जिना बाहेरून काढला, नकाशात नसताना. पाऊण मीटरच तर मोकळ्या जागेत येतोय, कोण बघतंय! घर पूर्ण झाल्यावर तपासणीला आलेल्याने फीत टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फाइल मिटली. जिना पाडून आतून बांधला, तोवर चार महिने भाड्याच्या खोलीचं भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू. नवरा अजूनही पाहुण्यांना तो जिना 'साहेबिणीचा' म्हणून दाखवतो.

आता शिकण्याकडे येते. कायदा मागत नसला तरी तुम्हाला शिकावं लागेल, आणि यूट्यूबवर जे दिसतं ते सोडून इतर गोष्टी. तिथे माणूस चिखल तुडवतो, गाणं वाजतं, भिंत उभी राहते. आपल्याकडचा साधारण ३००० मिलिमीटर पाऊस त्या व्हिडिओत नसतो.

पहिलं शिक्षण नकाशा वाचायचं. तुमच्या इंजिनिअरला फी देताना त्यातच तीन रविवार मागून घ्या. पायाचा नकाशा, सळयांचा तक्ता, कुठला बीम कुठे संपतो, एवढं दोघांनाही बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. तुम्ही पतसंस्थेत हिशेब बघता. सळयांचा तक्ता बघून किती किलो लागेल हे काढणं तुम्हाला आठवड्यात जमेल. आणि मग लोखंडाच्या दुकानात तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही.

दुसरं, कुणाच्या तरी साइटवर पंधरा दिवस हेल्पर म्हणून राबा. गवंड्याला सांगा, पैसे नकोत, फक्त शिकू दे. ओळंबा कसा धरतात, चिरा घेताना ओला की सुकलेला कसा ओळखतात (खाणीतून नुकताच आलेला चिरा मऊ असतो, हवेवर ठेवला की टणक होतो), दोन थरांचे सांधे एकावर एक का येऊ द्यायचे नाहीत, हे हाताला कळावं लागतं. त्या पंधरा दिवसांत तुमच्यापैकी एकाची कंबर 'मला हे झेपणार नाही' म्हणेल, तेही आधीच कळलेलं बरं.

तिसरं, मातीचं खास शिक्षण. पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये अर्थ इन्स्टिट्यूट १९८९पासून आहे, दाबून केलेल्या मातीच्या विटांचे आणि मातीच्या बांधकामाचे छोटे अभ्यासक्रम तिथे चालतात. तिरुवनंतपुरमजवळ लॉरी बेकर यांच्या नावाचं केंद्रही प्रशिक्षण देतं. केरळचा पाऊस आपल्या पावसाचा भाऊच, त्यामुळे तिकडचं शिकलेलं इकडे चालतं. दोघांना एकदम जाणं जमत नसेल तर एकाने जावं. वर्कशॉप बंद ठेवून नवऱ्याने जाण्यापेक्षा तुम्ही रजा टाका, असं माझं मत. तो लोखंडात तयार आहे, मातीत दोघंही कोरे आहात.

मातीच्या विटांत साधारण ५ टक्के सिमेंट घालून त्या दाबून घ्यायची पद्धत मला आपल्याकडे कच्च्या भिंतीपेक्षा बरी वाटते. जुन्या लोकांनी कच्च्या मातीच्या भिंती बांधल्याच, आणि त्यातली कित्येक घरं अजून उभी आहेत. पण त्यांची पडवी आणि वळचण बघा, किती बाहेर काढलेली असायची, आणि जोतं किती उंच. शिवाय दर वर्षी शेणाने सारवायला घरात आठ माणसं होती. तुम्ही दोघं, त्यात एक पतसंस्थेत.

तुम्ही स्वतः काय करावं आणि काय करू नये, यावर माझं मत जुनाट वाटेल. छताची लोखंडी कैची नवऱ्याने वर्कशॉपमध्ये करावी, इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणे आणि वेल्ड त्याच्याकडून तपासून. मातीचा गिलावा, लादी, रंग, कौलं चढवणं, मालाचा हिशेब, आणि मुख्य म्हणजे पाणी मारणं तुम्ही दोघांनी करा. आपल्याकडे बहुतेक राखमिश्रित सिमेंट येतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्या काँक्रीटला निदान १० दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि उन्हाच्या दिवसांत १४. भाड्याची माणसं तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळतात. दहाव्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो तो घराचा मालकच.

स्लॅब, बीम, सेंट्रिंग मात्र माहितगार टोळीकडे द्या. वीज परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे द्या, कनेक्शन घेताना त्याचा तपासणी अहवाल लागतोच. आणि चर खणताना चिऱ्याचा थर संपून पांढरी-गुलाबी शेडी माती लागली तर तिथेच थांबा. कोरडी असताना ती कापूस कापावा तशी कापली जाते, पाणी लागलं की अंगावर येते. कमरेच्या वर खोल चरात दोघांनी एकाच वेळी उतरायचं नाही. यावर चर्चा नको.

विहीर आणि शोषखड्डा यांत १५ मीटर अंतर हवं, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही. ३७५ चौरस मीटरच्या जागेत ते बसवणं हा खरा कोडं सोडवायचा भाग आहे, म्हणून नकाशा काढताना आधी शोषखड्डा बसवा, मग घर. परवान्याचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पाटी जागेवर लावा. वीजवाहिनी वरून जात असेल तर तिच्यापासूनचं अंतर बघा. जागेत फणस, आंबा, काजू असेल तर तोडायला १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्या. पण खरं तर झाड वाचवून खोली सरकवता येते का ते आधी बघा, मातीच्या घराला मे महिन्यात त्या सावलीचा उपयोग आहे.

घर झालं की इंजिनिअरचा मजबुतीचा दाखला, टीसीपीचा पूर्णत्वाचा दाखला, आरोग्य केंद्राची ना हरकत, आणि मग पंचायतीची ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायची परवानगी. तिच्याशिवाय घर क्रमांक, पाणी, कायमची वीज यांत हेलपाटे पडतात. मंजूर नकाशापेक्षा खिडकी जरी हलवायची झाली तरी हलवण्याआधी इंजिनिअरला विचारा, जिन्याची गोष्ट आठवून.

राहिला मुहूर्त. सासूबाईंचं गणित बांधकामाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. तुळशीचं लग्न ते मृग, एवढाच आपला हंगाम. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि मातीची भिंत तेव्हा छपराखाली हवी. पण वारसा दस्त, म्युटेशन, सनद, मंजुरी, परवाना हे सगळं येत्या तुळशीच्या लग्नापर्यंत उरकेल असं मला वाटत नाही. त्या पुढच्या वर्षीचं धरा. हे वर्ष कागद, नकाशा आणि शिकणं यांत जाऊ दे. देवळात कौल लावलेला असेल आणि तो उजवा आला असेल तर देवाने वर्ष सांगितलेलं नसतं, एवढं त्यांना समजावता येईल.

आणि हे समजावताना त्यांना सांगा की अर्धी जागा त्यांची आहे. मला शंका आहे की हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यांना घरात कुठली खोली हवी, पायऱ्या किती चालतील, तुळस कुठे हवी, हे चुन्याची आखणी करायच्या दिवशी त्यांना जागेवर नेऊन विचारा. दस्तावर पहिली सही त्यांची घ्या.